चिखलाची गाडी, रस्त्याची गाडी

लाखनी तालुक्यातल्या माणसाला मातीची चार नावं लहानपणीच पाठ होतात: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. बरडीवर पाऊस उघडला की थोड्या वेळात सायकल चालते. कन्हारीत जुलै महिन्यात चप्पल घालून गेलात तर चप्पल तिथेच राहते. आमची बहुतेक शेती कन्हारीत. त्यामुळे घरात गाडीचा विषय निघाला की रंग, अ‍ॅव्हरेज, हप्ता हे सगळं नंतर. आधी ती पावसाळ्यात कुठवर जाणार ते बोला. भंडारा जिल्ह्यात वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने तीच गाडी डांबरावरून लाखनी, भंडारा, नागपूर करणार. दोन्ही कामं एकाच गाडीकडून करून घ्यायची हौस आमच्या घराण्यात जुनी आहे.

बाबांच्या काळी हे सोपं होतं. बैलगाडीचं जू उतरवायचं आणि तेच बैल नांगराला जुंपायचे. मात्र बैल घेताना बाबा फार वेळ लावत. लाखनीचा शंकरपट बघायला ते हटकून जात, पळणाऱ्या जोडीची तोंड भरून तारीफ करत, आणि तसली जोडी त्यांनी दारात कधी आणली नाही. पटाचा बैल अंगानं हलका आणि तापट. चिखलात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. चिखलाचा बैल रुंद खुराचा, थंड डोक्याचा; पटाच्या दाणीवर त्याला कोणी उभं करणार नाही. ज्यांना परवडायचं त्यांच्या गोठ्यात दोन जोड्या असत. आमच्याकडे एकच, चिखलाची. बाजारात आम्ही नेहमी उशिरा पोचायचो आणि बाबांना त्याचं काही वाटत नसे. धानाची रोवणी पंधरा-वीस दिवसांची, पण वर्षाचं पोट तिच्यावर, हा त्यांचा हिशेब.

डिझेल आमच्या मुलखात खऱ्या अर्थानं शिरलं ते गडेगावच्या कारखान्याबरोबर. 1982 मध्ये तिथे अशोक लेलँडनं काम सुरू केलं आणि सहा नंबरच्या हायवेवर (आता त्याला 53 म्हणतात, आमच्या तोंडी अजून सहाच आहे) बिनबॉडीच्या चेसिस धावायला लागल्या. ना केबिन, ना काच; इंजिनमागे पेटीवर बसलेला ड्रायव्हर, तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल. आम्ही पोरं शाळा सुटल्यावर हायवेच्या कडेला त्या बघत उभे राहायचो. त्या उघड्या लोखंडावरच मी इंजिन कुठे असतं आणि चाकापर्यंत दांडा कसा जातो ते शिकलो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा विसाव्या हिश्शापर्यंत दाबली की तीच इतकी तापते की त्यात फवारलेलं तेल पेटतं. त्यासाठी सगळं अंग जाडजूड लागतं, म्हणून डिझेल गाडी जड. पण कमी फेऱ्यांत जोर देते, आणि चिखलाला वेग नको असतो, जोर हवा असतो. बाबांच्या बैलांची निवड मला त्या वयात कळली नव्हती, इंजिनामुळे कळली.

पुढे घरात आली ती जुनी महिंद्रा 540 जीप, प्युजो बनावटीच्या इंजिनाची. डिसेंबरच्या पहाटे तिला आधी हीटर द्यावा लागे. चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरच्या जाळीआडची तार लाल होईपर्यंत वाट बघायची, मग स्टार्टर. पांढुरक्या धुराचा एक लोट निघायचा, अंगणातल्या कोंबड्या पळायच्या, आणि आई चुलीपुढून ओरडायची, "पहाटेपासूनच चालू झालं का गा तुझं?" टाकी कोरडी पडली की लाइनीत हवा शिरायची. मग फिल्टरवरचा बोल्ट पान्यानं सैल करून हातपंप दाबत बसायचं, बुडबुडे थांबून नुसतं तेल येईपर्यंत. दोन दिवस हाताचा वास जात नसे.

या जीपला चारही चाकांची ओढ होती. ती धानाच्या बांधीत सहज उतरेल असं गावातल्या सगळ्यांना वाटलं, मलाही. उतरलीही. अडली ती शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की मधला उंचवटा जीपच्या पोटाला लागतो. गाडी त्यावर बसते आणि चारही चाकं अधांतरी गरगरतात. अशा वेळी लिव्हर पुढे ओढा की मागे, काही उपयोग नाही. शेवटी ज्या ट्रॅक्टरनं खड्डे पाडले त्यालाच बोलवायचं.

ट्रॅक्टरचं मात्र मानलं पाहिजे. मागच्या चाकांना लोखंडी जाळीची केजव्हील लावून तो पाणी भरलेल्या बांधीत उतरतो तेव्हा ढेकळं फुटून मातीची खीर होते, बारीक गाळ खाली बसतो आणि पाणी झिरपायचं कमी होतं. धानाची मुळं त्या पाण्यावर जगतात. बैलजोडीला दिवस लागायचा ते काम तासांवर आलं. पण तीच केजव्हील डांबरी रस्त्यावर आली तर रस्ता सोलून काढते, म्हणून त्याला मनाई आहे. शहाणा ड्रायव्हर चाकं ट्रॉलीत टाकून नेतो आणि शेताच्या तोंडाशी चढवतो. बाकी वर्षभर ट्रॅक्टर घरची गाडी म्हणूनही वापरतात आमच्याकडे. वरात ट्रॉलीतून, बाळंतीण ट्रॉलीतून. मोठ्या भावानं असंच वापरलं. त्याची कंबर आता त्याची साक्ष देते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्यानं अमेरिकेतून, मिनेसोटाहून फोन केला. त्याला डिझेलचा पिकअप घ्यायचा होता, रोज ऑफिसला जायला आणि दारातला बर्फ ढकलायला. "मामा, तुम्हाला डिझेलमधलं कळतं." मला बर्फातलं काही कळत नाही, पण तो जसजसा सांगत गेला तसतशी मला आमची पांदण दिसायला लागली. तिथे सार्वजनिक रस्त्यावरचा बर्फ नगरपालिका काढते. घरासमोरचा ज्याचा त्यानं काढायचा. वर पालिकेचं यंत्र जाता जाता बर्फाचा बांध याच्याच तोंडाशी टाकून जातं. पिकअपच्या नाकाला फाळ लावायचा तर तो तीनशे-चारशे किलोचा. त्यात मोठ्या अमेरिकी पिकअपचं डिझेल इंजिनच जवळपास पाचशे किलोचं. म्हणजे सगळा भार पुढच्या आसावर. शिवाय कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. आपल्याकडे लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं ते यासाठीच.

मी त्याला विचारलं, ऑफिस किती लांब? म्हणाला, दहा मिनिटं. मग डिझेल नको, मी म्हणालो. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. इंजिन नीट तापून लांब पळालं तर ती काजळी जळते. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ती साचत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. फाळवाला एखादा शेजारी बघ, त्याला पैसे दे, आणि तू साधी गाडी घे. त्याला हे आवडलं नाही. बाबांना आवडलं नसतंच.

मी स्वतः पिकअप घेतला तेव्हाही बाबांच्या बरोबर उलटा हिशेब धरला. टाटा योद्धात चारचाकी ओढीचं मॉडेल बघितलं होतं, हात फिरवून परत आलो. घेतला तो साधा, मागच्या चाकांच्या ओढीचा, दीड टनाच्या आसपास भार घेणारा. भाजी घेऊन पहाटे नागपूरला कळमन्याच्या बाजाराला जायचं, येताना खताच्या गोण्या. कमानपाटे असे कडक की रिकाम्या गाडीत चहा पिता येत नाही. पण भार टाकला की शहाण्यासारखी चालते. रोज लांब पळते म्हणून बीएस-6 चा काजळीचा दिवा आमच्याकडे फारसा लागत नाही. जुन्या जीपसारखी मात्र पान्यानं खोलता येत नाही, ते दुःख आहे. माझा मिस्त्री बॉनेट उघडून नुसता बघतो आणि म्हणतो, "भाऊ, इथं आता मोबाइलवाला पायजे."

मालवाहू म्हणून पिवळी पाटी, एमएच-36. लग्नाला पिवळ्या पाटीची गाडी नेऊ नका, असं सौ. सांगते आणि मग तिच्याच माहेरची माणसं मागे हौद्यात बसतात. ते कायद्यात बसत नाही, हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. लायसनचा घोळ निदान मिटला: साडेसात टनांखालची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं.

रोवणीला आता ट्रॅक्टर तासाच्या भाड्यानं येतो. पिकअप पक्क्या रस्त्यावर थांबतो आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या तिथून डोक्यावर जातात. तेवढंच अंतर मला खटकतं. बायांच्या पायाला पिंढरीपर्यंत चिखल, डोक्यावरून पाणी निथळतंय, आणि लाखोंचं यंत्र कडेला ताडपत्री घालून उभं. चारचाकी ओढ घेतली असती तरी त्या चाकोऱ्यांत ती पोटावर बसलीच असती. पांदणी पक्क्या करायला राज्य सरकारनं 2021 मध्ये मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आणली. आमच्या पांदणीचा विषय ग्रामसभेत निघतो, धुऱ्याकाठच्या दोन घरांची हातभर जागा सोडण्यावरून अडतो. त्यातलं एक घर माझ्या मोठ्या भावाचं. पोळ्याच्या आधी त्याच्याकडे जाऊन बसणार आहे. कंबरेच्या दुखण्यापासून बोलायला सुरुवात करीन म्हणतो.