उसन्या इंजिनापासून स्वतःच्या नावापर्यंत

१९४० साली, जपानी अंमलाखालील सोल शहरात, चोविशी-पंचविशीतल्या एका तरुणाने कर्ज काढून मोटारदुरुस्तीचे दुकान घेतले. थोड्याच दिवसांत ते आगीत भस्मसात झाले. दुरुस्तीसाठी आलेल्या गिऱ्हाइकांच्या मोटारीही जळाल्या, त्यामुळे कर्जाच्या जोडीला भरपाईचा बोजा आला. तारण ठेवण्याजोगे काहीही हाती नसताना तो पुन्हा त्याच सावकाराच्या दारी गेला. तांदळाच्या धंद्यातील त्याचा चोख व्यवहार सावकाराला ठाऊक होता. तेवढ्या भरवशावर त्याने दुसऱ्यांदा रक्कम दिली आणि पुढे ती फिटलीही.

त्या तरुणाचे नाव चुंग जू-युंग. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा सोलमध्ये तांदळाच्या दुकानात माल पोहोचवण्याच्या कामावर लागला, हिशेबाच्या वह्या सांभाळू लागला आणि अखेर मालकाने दुकानच त्याच्यावर सोपवले. १९६७ मध्ये त्याने ‘ह्युंदाई मोटर’ची स्थापना केली. या कंपनीने पुढे जी मोठी, आलिशान सेदान मोटार घडवली, तिची हकीकत वाचताना त्या दुसऱ्या कर्जाची आठवण ठेवावी लागते. कारण ज्या पतीच्या बळावर संस्थापक आगीतून सावरला, तीच पत त्याच्या कंपनीने एकदा परक्या बाजारात गमावली आणि ती परत मिळवण्यात तिची दोन-तीन दशके गेली.

प्रारंभी सारेच उसने होते. १९६८ पासून उल्सानच्या कारखान्यात फोर्डच्या ‘कॉर्टिना’ची जुळणी होऊ लागली. १९७५ मध्ये ‘पोनी’ ही स्वतःची म्हणावी अशी पहिली गाडी आली. तिचे बाह्यरूप इटलीच्या ज्युजारो यांचे, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे आणि कामाची घडी बसवायला इंग्लंडहून आलेले जॉर्ज टर्नबुल. संस्थापकाचे धाकटे बंधू चुंग से-युंग यांनी हे धाडस तडीस नेले. कोरियात ते पुढे ‘पोनी चुंग’ म्हणूनच ओळखले गेले. १९८६ मध्ये मोठी ‘ग्रँडर’ आली, तीही मित्सुबिशीच्या ‘डेबोनेर’ची जुळी बहीण. शिकणाऱ्याला उसने घ्यावेच लागते, त्यात कमीपणा नाही. मात्र उसन्या तंत्रज्ञानाचे स्वामित्वशुल्क दरसाल चुकते करावे लागते आणि कोणते तंत्र, केव्हा द्यायचे हे देणाराच ठरवतो. म्हणून कंपनीने स्वतःचे संशोधन केंद्र उभारले व १९९१ मध्ये ‘अल्फा’ हे स्वतःचे पहिले इंजिन बाजारात आणले.

या काळातच मोठा ठेच लागण्याचा प्रसंग आला. १९८६ मध्ये ‘एक्सेल’ ही छोटी गाडी अवघ्या ४,९९५ डॉलरपासून अमेरिकेत विक्रीस आली आणि पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांहून अधिक गाड्या खपल्या. विक्रीचा आकडा डोळे दिपवणारा होता. पण स्वस्ताई टिकवताना दर्जा टिकला नाही. गाड्या बिघडू लागल्या, जुन्या गाडीला भाव मिळेना आणि रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ह्युंदाईचे नाव विनोदाचा विषय झाले. खप जितका झपाट्याने चढला, तितक्याच झपाट्याने उतरला. एका वर्षाच्या उधाणात आलेले गिऱ्हाईक पुढील दहा वर्षे दुकानाची पायरी चढेना.

१९९८ च्या अखेरीस कंपनीने अमेरिकेत एक असाधारण घोषणा केली : इंजिन व गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी. ताळेबंदात हमी हे संभाव्य देणे असते. माल कच्चा असेल तर हेच देणे कंपनीला बुडवू शकते. पूर्वी बिघाडाचा भुर्दंड गिऱ्हाइकाच्या खिशाला बसत होता, तो आता कंपनीने आपल्या गल्ल्यावर घेतला. साहजिकच कारखान्यातील प्रत्येक सैल बोल्टाला किंमत आली. १९९९ मध्ये तीन दशके कंपनी सांभाळणारे चुंग से-युंग बाजूला झाले आणि सूत्रे पुतण्याकडे, संस्थापकाचे पुत्र चुंग मोंग-कू यांच्याकडे, आली. त्यांची उमेदीची वर्षे विक्रीनंतरच्या दुरुस्ती-सेवेत गेली होती. बिघडलेली गाडी परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांच्या परिचयाचा होता. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्ता पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने दुसऱ्या स्थानी आली, तेव्हा मोटारजगताचा त्यावर चटकन विश्वास बसला नाही.

१९९९ मध्येच कोरियात ‘इक्वस’ ही कंपनीची सर्वांत मोठी सेदान अवतरली. लॅटिनमध्ये इक्वस म्हणजे घोडा. कारखानदार, मंत्री, मोठे अधिकारी मागच्या आसनावर बसून जातील, अशी ही गाडी. परंतु तीही मित्सुबिशीच्या भागीदारीतच घडली होती. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन मित्सुबिशीचे होते. तीच गाडी जपानमध्ये ‘प्राउडिया’ आणि ‘डिग्निटी’ या नावांनी विकायला काढली गेली, पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि २००१ मध्ये मित्सुबिशीने ती बंद केली. कोरियात मात्र इक्वस दहा वर्षे चालली.

तरीही तिच्यात एक मूलभूत उणीव होती. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळत होती. छोट्या गाडीला ही रचना सोयीची. यंत्रणा कमी जागेत बसते आणि खर्चही वाचतो. मोठ्या गाडीत मात्र वजनाचा भार पुढे एकवटतो, आणि ओढण्याचे व वळण्याचे अशी दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर पडतात. शक्ती मागच्या चाकांना दिली की कामाची वाटणी होते, वजन समतोल राहते आणि चाल शांत होते. जगातील नामांकित आलिशान सेदान बहुधा याच पद्धतीच्या. त्यासाठी तळापासून नवी गाडी आखणे भाग होते, आणि ते कोणाकडून उसने मिळणार नव्हते.

२००८ मध्ये ‘जेनेसिस’ सेदान आली आणि २००९ मध्ये दुसऱ्या पिढीची इक्वस. दोन्हींची मागची चाके चालती आणि दोन्हींत ‘टाउ’ हे ह्युंदाईचे स्वतःचे आठ सिलिंडरचे इंजिन. अमेरिकेतील ‘वॉर्ड्स’च्या दहा उत्कृष्ट इंजिनांच्या यादीत त्याने सलग तीन वर्षे स्थान मिळवले. जानेवारी २००९ मध्ये जेनेसिसला उत्तर अमेरिकेतील वर्षातील उत्तम मोटारीचा सन्मान लाभला. तो महामंदीचा काळ होता. त्याच महिन्यात कंपनीने आणखी एक शब्द दिला : गाडी घेतल्यापासून वर्षभरात उत्पन्न गेले, तर काही अटींवर गाडी परत करता येईल. त्या वर्षी अमेरिकेचा मोटार बाजार आक्रसला, पण ह्युंदाईची तेथील विक्री वाढली.

२०१० च्या अखेरीस इक्वस अमेरिकेत पोहोचली. किंमत ५८ हजार डॉलरपासून पुढे. चाचणीसाठी गाडी गिऱ्हाइकाच्या घरी जाई आणि देखभालीसाठी घरूनच नेली जाई. गाडीची वाखाणणी झाली, पण एक अडचण राहिली. ज्या दालनात स्वस्त छोट्या गाड्या उभ्या, तिथेच ही उभी, आणि तिच्या पाठीवर तेच बोधचिन्ह. सुबत्ता असलेल्या गिऱ्हाइकाच्या मनातून एक्सेलची आठवण पुसली गेली नव्हती. यंत्र सुधारायला वीस वर्षे लागली. नाव सुधारायला तीही अपुरी पडली.

म्हणून नोव्हेंबर २०१५ मध्ये संस्थापकाचे नातू चुंग उई-सन यांच्या पुढाकाराने ‘जेनेसिस’ हे स्वतंत्र नाव जाहीर झाले. पुढील महिन्यात इक्वसची वारसदार कोरियात ‘ईक्यू ९००’ आणि परदेशात ‘जी ९०’ या नावाने आली. बीएमडब्ल्यूमधून आल्बर्ट बियरमन, बेंटलीमधून ल्यूक डोंकरवोल्के अशी जाणती माणसे कंपनीने आणली. एकेकाळी इंजिन उसने घेतले जाई. आता अनुभव पगार देऊन घरात आला.

तथापि पत ही एकदा कमावून तिजोरीत ठेवता येत नाही. ह्युंदाईच्या ‘थीटा’ इंजिनाचा मूळ आराखडा इतका सरस ठरला होता की क्रायस्लरने, आणि ज्या मित्सुबिशीकडून पोनीचे इंजिन आले त्या मित्सुबिशीनेही, त्याचे मोल मोजले होते. त्याच कुळातील पुढच्या ‘थीटा २’ इंजिनात दोष निघाले. १६ लाखांहून अधिक गाड्या माघारी बोलावण्यात दिरंगाई केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये अमेरिकी वाहनसुरक्षा यंत्रणेशी ह्युंदाई व किया यांना तडजोड करावी लागली. दंड, सुरक्षेवरील सक्तीचा खर्च आणि अटींवर स्थगित ठेवलेली रक्कम मिळून तो आकडा २१ कोटी डॉलरचा होता. अभिमानाचे स्थानच नामुष्कीचे कारण झाले. दोष यंत्रात होता, पण ठपका आला तो वेळेवर न सांगितल्याचा.

त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेतील ‘मोटर ट्रेंड’ या नियतकालिकाने जी ९० च्या नव्या पिढीची २०२३ ची वर्षातील उत्तम मोटार म्हणून निवड केली. मोठी जर्मन आणि जपानी घराणी ज्या दर्जाच्या गाड्यांसाठी ओळखली जातात, त्या दर्जात एका कोरियन गाडीला मिळालेला हा मान होता. त्या गाडीच्या कागदपत्रांत इंजिन व गिअरबॉक्सच्या हमीचे कलम आहे. दहा वर्षे किंवा एक लाख मैल, ही १९९८ ची मुदत तिथे तशीच आहे.