पडवीतील जावा

वापरलेली वस्तू झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु न वापरता पडून राहिलेली वस्तूही आतल्या आत बिघडत असते, हे ती पुन्हा हाती घेईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. साताऱ्यातील एका जुन्या वाड्याच्या पडवीत गोणपाटाखाली उभी असलेली मोटारसायकल ही अशांपैकीच एक होती.

ती १९६८ सालची जावा. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचे मोटारसायकलींचे काम विकत घेतले आणि दोन्ही नावांची आरंभीची अक्षरे जोडून हे नाव सिद्ध केले. मराठी घरात मात्र जावा म्हटले, की सख्ख्या भावांच्या बायका आठवतात. त्यामुळे या वाड्यातही त्या नावावरून पुष्कळ थट्टा होत असे. आपल्याकडे या गाड्या म्हैसूरच्या कारखान्यात तयार होत. तो १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. वाड्यातील आजोबा आपल्या जावावरून पस्तीस वर्षे हिंडले. २००३ साली ते वारले आणि गाडीवर गोणपाट पडले.

ते गोणपाट २०२३ च्या मे महिन्यात सुट्टीसाठी आलेल्या बारा वर्षांच्या नातवाने दूर केले. आजोबांना त्याने पाहिलेले नव्हते. त्याच्या हट्टाखातर आजीने ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींना निरोप धाडला. ‘उद्या येतो; तोवर गाडीला कोणी हात लावू नये,’ असे उत्तर आले.

पण उन्हाळ्यातील दुपार मोठी असते. जावाची एक मौज अशी, की गिअर बदलण्याची दांडी आणि किक मारण्याची दांडी एकच. आत दाबून वर फिरवली, की तीच किक होते. घर निजलेले पाहून मुलाने दांडी फिरवली व तिच्यावर पाय दिला. ती हलेना. मग तो सारा भार टाकून तिच्यावर उभा राहिला. आत कोठेतरी ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. त्याने घाईघाईने गोणपाट पूर्ववत् घातले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी प्रथम जुनी बॅटरी सोडवून बाजूला ठेवली, मग प्लग काढून त्या छिद्रातून विजेरीचा प्रकाश आत टाकला.

“सिलिंडरला गंज धरला आहे. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असणार. बिडाच्या असतात त्या. जोर केला, तर वाकत नाहीत, तुटतात.” त्यांनी छिद्रातून तेल व डिझेल यांचे थोडे मिश्रण आत सोडले. “आता तीन दिवस हिला विसरायचे.”

मुलाला मात्र विसरता येईना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने हळूहळू मागेपुढे केले. प्रथम बोटभर, मग वीतभर, असे करता करता ते फिरू लागले. आजीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हा मुलगा पुढे झाला.

“मिस्त्रीकाका, मी किक मारली होती. तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी.”

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आवाज आला होता का?”

“हो. कट् असा.”

मिस्त्रींनी पाना उचलला आणि सिलिंडर वर उचलून काढला. खालची रिंग तुटलेली होती. या इंजिनाच्या सिलिंडरला आतून झरोके असतात. गाडी सुरू केली असती, तर रिंगेचा तुकडा त्यांत अडकून सारा सिलिंडर खरवडून निघाला असता. कारखाना बंद पडलेल्या गाडीचा सिलिंडर कोठून आणावयाचा? मिस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेली एक रिंग सुदैवाने निघाली.

पुढील काम मुलाने मिस्त्रींच्या शेजारी बसून पाहिले. टाकीतील पेट्रोलाचा डिंकासारखा चिकट गाळ झाला होता. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले होते. कार्ब्युरेटरमधील पितळी जेटचे सुईएवढे छिद्र बुजले होते. मुलगा तार घेऊन धावला. पण तारेने छिद्र मोठे होते, म्हणून मिस्त्रींनी ते धुऊन व हवा मारून मोकळे केले. जावाच्या पेट्रोलातच तेल मिसळलेले असते. छिद्र अर्धवट बुजलेले राहिले, तर इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आणि त्याबरोबर तेलही कमी मिळते. मग ते तापून जागच्या जागी जाम होते. मिस्त्रींनी लिटरमागे ५० मिलिलिटर तेल मोजून घातले.

गाडी अंगणात आणली गेली. पडवीत धूर कोंडतो आणि त्यातील विषारी वायूला रंगही नसतो व वासही नसतो. आजी ओवाळण्यासाठी तबक घेऊन आली.

“वहिनी, हळदकुंकू लावा, निरांजन तेवढे आतच राहू द्या. पेट्रोलाची वाफ जमिनीलगत सरकत ज्योत शोधीत जाते.” वाळूची बादली त्यांनी आधीच जवळ ठेविली होती.

चौथ्या किकेला इंजिन खोकले, सातव्या किकेला बोलू लागले. दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर निघाला आणि वाड्याच्या भिंती त्या आवाजाने भरून गेल्या. आजी क्षणभर उभी राहिली व काही न बोलता आत गेली. हा आवाज कोपऱ्यावर आला, की चहाचे आधण ठेवावयाचे, ही तिची जुनी सवय होती.

मिस्त्रींनी थोड्याच वेळात इंजिन बंद करून प्लग पुन्हा काढला आणि त्याचा रंग न्याहाळला.

“मिस्त्रीकाका, आता एक फेरी?”

“ब्रेक अजून उघडलेले नाहीत, बाळ. उद्या सकाळी लवकर ऊठ.”