दगडी हत्ती आणि आईच्या बरण्या

कोपनहेगनमध्ये हत्ती भेटतील असं कधी वाटलं नव्हतं. ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे तिथे होतो. रविवारी भटकताना अचानक समोर चार भलेमोठे दगडी हत्ती! पाठीवर मनोरा पेललेला आणि अंगावर चक्क स्वस्तिक. कार्ल्सबर्ग बिअरच्या जुन्या कारखान्याचं हे १९०१ सालचं प्रवेशद्वार. स्वस्तिक तेव्हा त्या कंपनीची खूण होती, नाझींच्या कितीतरी आधी.

मी लगेच आईला इंदूरला फोटो पाठवला. उत्तर आलं, "हत्ती छान आहेत. पण तू दारूच्या कारखान्यात काय करतोयस?"

तर मंडळी, मी इतिहास बघत होतो! जे. सी. याकोबसेन यांनी १८४७ मध्ये हा कारखाना काढला. त्याआधी त्यांनी म्युनिकहून चांगलं यीस्ट आणलं. घोडागाडीच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर भांड्यांवर गार पाणी ओतून ते जिवंत ठेवलं, असं सांगतात. १८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा उभारली. तरीही १८८३ मध्ये त्यांच्याच कारखान्यातली बिअर बिघडली. प्रयोगशाळेतल्या एमिल हान्सेन यांना चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळलेलं आढळलं. मग त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. याकोबसेन यांनी ते लपवून ठेवलं नाही, इतर कारखान्यांनाही दिलं. आपल्याकडे शेजारणीला वाटीभर विरजण देतात ना, अगदी तसं. पुढे १९०९ मध्ये याच प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आंबटपणा मोजायची पीएच ही पद्धत शोधली.

आता तिथे मोठं उत्पादन होत नाही, घरं झाली आहेत. पण संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या ओळखीने शहरातली एक छोटी ब्रुअरी बघायला मिळाली. चार टाक्या, तीन माणसं. मला वाटलं, बिअर बनवणं म्हणजे चव घेणं. तिथला माणूस हसला. म्हणाला, आमचं निम्म्याहून जास्त काम धुण्याचं आहे. टाकी आधी कॉस्टिकने धुवायची, मग पाण्याने, मग जंतुनाशकाने. कॉस्टिकचा अंश राहिला तर पिणाऱ्याला इजा होईल, म्हणून तेही तपासायचं. उकळणं, हॉप्स, अल्कोहोल आणि आंबटपणा यांमुळे बिअरमध्ये आजार पसरवणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. पण चव बिघडवणारे जंतू शिरतात. बाटलीत रानटी यीस्ट गेलं तर गॅस वाढून बाटली फुटूही शकते. बिनअल्कोहोलच्या बिअरला तर जास्तच जपावं लागतं.

"एक बाटली खराब निघाली तर?" मी विचारलं.

"मग त्या टाकीतली प्रत्येक बाटली संशयित."

मी गप्प झालो. गेल्या वर्षी आईने मंडळाच्या दिवाळी मेळ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलं होतं. चाळीस बरण्या. दोन बरण्यांना बुरशी दिसली. मी म्हटलं, त्या दोन काढ, बाकीच्या विक. आम्ही सॉफ्टवेअरवाले तसंच करतो, सापडला तेवढा बग दुरुस्त! आईने चाळीसही बरण्या रिकाम्या केल्या. मी किती रुपये बुडाले ते मोठ्याने मोजून दाखवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

हॉटेलवर आल्यावर फोन केला. "आई, त्या बरण्यांचं तुझं बरोबर होतं."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बरण्या नीट वाळल्या नव्हत्या रे. पावसाळी हवा होती, मी घाई केली. कुठल्या ओल्या, कुठल्या कोरड्या, मलाच आठवेना. लोकांच्या लेकरांच्या पोटात जायचं ते."

इतके महिने ती हे मनात ठेवून होती आणि मी पैसे मोजत होतो.

यंदा बरण्या धुऊन कडक उन्हात वाळवायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक बरणीवर घातल्याची तारीखही मीच लिहितो. मेळ्यात आमच्या टेबलावर नक्की या. हत्तींचे फोटोही दाखवीन.