थांबलेली गोळी पुन्हा सुरू करताना

नैराश्यावरील औषध बंद करून वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर ते पुन्हा घेण्याची वेळ आली, तर ज्या मात्रेवर ते थांबले होते तिथूनच पुढे चालू करावे, असा समज रुग्णांत आणि त्यांच्या घरच्यांत सर्रास आढळतो. मात्र तो चुकीचा असून काही औषधांच्या बाबतीत धोक्याचाही आहे. एस्सिटॅलोप्रॅमचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील औषध निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, सुमारे तीस तासांचा असल्याने आठवडाभरात ते शरीरातून जवळजवळ नाहीसे होते. फ्लुओक्सेटिनचे अंश काही आठवडे रेंगाळतात खरे, पण काही महिन्यांच्या खंडानंतर तेही उरत नाहीत, आणि त्याबरोबर शरीराने औषधाशी केलेली जुळवणीही मोडलेली असते.

ही जुळवणी हाच या विषयाचा गाभा आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन यांसारखी औषधे दोन चेतापेशींमधील फटीत स्रवलेले सेरोटोनिन हे रसायन पुन्हा पेशीत शोषले जाऊ देत नाहीत. हा परिणाम पहिल्या काही तासांतच सुरू होतो, तरी मनाला उभारी येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, कारण सेरोटोनिनच्या स्रावाला लगाम घालणारे पेशीवरील ग्राही हळूहळूच सैल पडतात, असे मानले जाते. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते. म्हणूनच सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, जे सवय झाल्यावर थांबतात. पूर्वी वीस मिलिग्रॅम एस्सिटॅलोप्रॅम सुखाने पचवणाऱ्या व्यक्तीने दीर्घ खंडानंतर एकदम तेवढीच गोळी घेतली, तर पोट बिघडणे, झोप उडणे, हात थरथरणे आणि जिवाची घालमेल असे सारे एकदम अंगावर येते, आणि ‘हे औषध आता मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून ती व्यक्ती एका उपयोगी औषधाला कायमची मुकते. पाच किंवा दहा मिलिग्रॅमपासून आरंभ करून आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने मात्रा वाढवणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

इमिप्रॅमिनपासून, म्हणजे 1957 मध्ये रोलांड कून या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ज्याचे गुण प्रसिद्ध केले त्या औषधापासून, सुरू झालेल्या त्रिवलयी गटात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. अमिट्रिप्टिलिनची जुनी पूर्ण मात्रा एकदम घेतलेल्या वृद्धाचा रक्तदाब रात्री लघवीला उठताना उतरतो, आणि न्हाणीघराच्या दारात तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. बुप्रोपिऑनची मात्रा घाईने वाढवली तर आकडी येण्याचा संभव वाढतो.

खरा धोका मात्र कपाटाच्या खणात राहिलेल्या जुन्या पट्टीत असतो. तिच्या चंदेरी पाठीवर औषधाचे व्यापारी नाव ठळक अक्षरांत असते आणि घटक बारीक अक्षरांत. तिथे एस्सिटॅलोप्रॅमच्या शेजारी क्लोनाझेपाम हे चिंता शमवणारे व झोप आणणारे औषध छापलेले असू शकते, कारण या दोहोंची एकत्र गोळी भारतात मोठ्या प्रमाणावर विकली जाते. क्लोनाझेपामची सवय लागते आणि मद्याबरोबर ते घातक ठरू शकते, त्यामुळे ती पट्टी मनाने सुरू करणे म्हणजे दोन औषधे एकदम सुरू करणे होय. दरम्यानच्या काळात रक्त पातळ करणारी गोळी, वेदनेसाठी ट्रामाडॉल किंवा रक्तदाबासाठी मूत्रल औषध सुरू झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. वृद्धांमध्ये मूत्रल औषधाच्या जोडीने रक्तातील सोडियम घसरून भ्रम होऊ शकतो.

औषध पुन्हा घ्यावे लागणे हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, बरे वाटत असताना औषध टप्प्याटप्प्याने थांबवलेल्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, तर औषध चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. म्हणजे औषध थांबवूनही अनेक जण बरे राहिले, त्यामुळे प्रत्येक उदास आठवड्याला आजार उलटणे म्हणता येत नाही. थायरॉइडची कमतरता, शाकाहारी व्यक्तींत वारंवार आढळणारी बी-12 जीवनसत्त्वाची उणीव आणि वाढलेले मद्यपान या गोष्टी आधी तपासाव्यात. मधल्या काळात झोप नकोशी होऊन उत्साह, बोलणे व खर्च बेसुमार वाढल्याचे दिवस येऊन गेले असतील, तर नुसते नैराश्यरोधक औषध उन्माद भडकवू शकते, म्हणून उपचाराची दिशाच बदलावी लागते.

पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पंचविशीच्या आतील रुग्णांत या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुले व किशोरांविषयी 2004 मध्ये दिलेला इशारा 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंत वाढवला. न शमणारी बेचैनी किंवा मरणाची भाषा दिसताच पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल, तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते.