अडीच चेनची सायकल

2021 च्या जुलैत महाडात पूर आला. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत दारोदार चिखलाचे आणि सामानाचे ढीग लागले. फुगलेली कपाटं, गाद्या, फ्रीज, धान्याची पोती, मुलांची दप्तरं, आणि मधूनच एखादी सायकल. त्याच पावसात, 22 जुलैला, तळीये गावावर दरड कोसळली होती. अशा वेळी बुडालेल्या सायकलीकडे बघायला कुणाला सवड होती? लोकांनी त्या किलोवर भंगारात घातल्या.

माझा धंदा फॅब्रिकेशनचा. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड. पुरानंतर कित्येक आठवडे वाकडी झालेली शटरं सरळ करणं हेच काम होतं. पण धंद्याच्या आधी मी शिकलो ते सायकलीवर, वडिलांच्या दुकानात. त्यामुळे भंगारवाल्याच्या टेम्पोत हँडल अडकवून पडलेल्या सायकली बघवल्या नाहीत. तोलून नऊ घेतल्या. दोन मुलांच्या, तीन गियरच्या, चार जुन्या काळ्या.

पुरात बुडालेल्या सायकलीचं मागचं चाक उघडलं की आत काय दिसतं, ते सांगतो. सावित्री नदीचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो. तो कोनच्या फटीतून आत शिरतो, ग्रीसमध्ये मिसळतो आणि महिन्याभरात त्याची तपकिरी खळ होते. ती चिंधीने पुसली की खाली छर्रे दिसतात, त्यांच्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. छर्रे टाकून द्यायचे, त्यात काटकसर नाही. मागच्या चाकाला पाव इंची, एका बाजूला नऊ. पण त्यांच्यामागचा कप रॉकेलने धुऊन नखाने चाचपला आणि नख कुठे अडकलं नाही, तर तो कप अजून वीस वर्षं चालेल. फ्रेमची परीक्षा निराळी. ती दोरीने टांगायची, एकेका नळीवर पान्याने हलकी टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगली नळी घंटीसारखी वाजते. आतून गंजलेली बद्द बोलते. नऊपैकी चार फ्रेमा बद्द बोलल्या.

आता या सगळ्यातून मी आडवी सायकल का केली, ते सांगायला हवं. एक लोखंडी गेट उचलताना माझी कंबर धरली. मणक्यातली चकती सरकली होती. पुढे वाकून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. उभ्या सायकलीवर बसलं की दहा मिनिटांत डाव्या पायात मुंग्या यायच्या. लहानपणापासून सायकलीवर असलेल्या माणसाला हे फार जड जातं. आडव्या सायकलीत पाठीला टेकण असते, पायडलं समोर असतात आणि भार नुसत्या बैठकीवर न येता पाठीवरही पसरतो.

ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. त्याने आधी मुलासाठी चार चाकांची पायडलगाडी केली, मग तीच उभी चिरावी तशी दोन चाकांची केली. 7 जुलै 1933 ला फ्रान्सिस फोर त्या गाडीवर बसला आणि पॅरिसमध्ये एका तासात 45.055 किलोमीटर गेला. आधीचा विक्रम ऑस्कर एगचा, 44.247 किलोमीटरचा, 1914 सालापासून कुणाला मोडता आला नव्हता. फोर काही पहिल्या फळीतला शर्यतपटू नव्हता. पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या अशी बांधली की आडवी सायकल शर्यतीतून बाद झाली. मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो. शर्यतीत जे दिसतं तेच कारखाने बनवतात आणि कारखाने बनवतात तेच दुकानात येतं. त्या एका व्याख्येमुळे जगभरच्या किती दुखऱ्या कमरा सायकलीवरून कायमच्या उतरल्या असतील! पूर्ण कवच घातलेल्या आडव्या सायकलीने 2016 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात, सपाट रस्त्यावर, ताशी 144 किलोमीटरचा वेग गाठला. तोही निव्वळ पायांच्या जोरावर.

भंगारातून नवी गाडी उभी राहू शकते, याचं श्रेय मी माझ्या हाताला देत नाही. ते मापांना आहे. आपल्याकडची सायकल इंग्रजी मापांवर बेतली गेली आणि लुधियानाच्या कारखान्यांनी ती मापं मोडली नाहीत. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. पायडलचे आटे नऊ सोळांश इंचाचे, उजव्याचे सरळ, डाव्याचे उलटे. पन्नास वर्षांपूर्वीचं पायडल आजच्या क्रँकमध्ये फिरतं. मी एका काळ्या सायकलीची बीबीची खोळ, म्हणजे क्रँकचा दांडा जिच्यात फिरतो ती नळी, कापून पुढे बसवली आणि तिच्यात गियरच्या सायकलीचे कप घातले. ते बोटांनी फिरवत आत गेले. दोन वेगळे कारखाने, मधे तीस-चाळीस वर्षं, आणि आट्याला आटा बसला. सायकल दुरुस्त करणाऱ्याला असं सुख दुसरं नाही. हल्लीच्या महागड्या सायकलींत प्रत्येक कंपनीचं माप वेगळं व्हायला लागलंय. त्या उद्या पुरात बुडाल्या, तर त्यांचं काय होईल याची मला खरंच काळजी वाटते.

कणा म्हणून मोडलेल्या गेटची 40 मिलिमीटरची चौकोनी नळी घेतली, दोन मिलिमीटर जाडीची. मागे गियरच्या सायकलीचा मागचा त्रिकोण आणि 26 इंची चाक. पुढे मुलांच्या सायकलीचा चिमटा आणि 20 इंची चाक. सायकलीची नळी पातळ असते. तिच्यावर गेटसारखा आर्क मारला तर भोक पडतं. म्हणून पातळ जोड मी पितळेच्या सळीने, टाकणखार लावून, गॅसवर केले. नळी चेरीसारखी लाल झाली की पितळ आपण होऊन फटीत ओढलं जातं. जोड जळत नाही आणि चुकला तर पुन्हा तापवून सोडवता येतो.

चुकलाच. पुढचा चिमटा ज्या नळीत फिरतो ती मी डोळ्यांच्या अंदाजाने जोडली आणि ती जमिनीशी जवळपास 60 अंशांवर आली. वेगात गाडी सरळ जायची, पण हळू चालवली की पुढचं चाक आपोआप एका बाजूला लवंडायचं. गणित सोपं आहे. चिमट्याची कललेली रेघ जमिनीपर्यंत वाढवली की ती चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे पडते. या दोन जागांमधलं अंतर गाडीला सरळ ठेवतं. माझ्या पहिल्या गाडीत ते दहा सेंटिमीटरच्या आसपास होतं, म्हणजे फार झालं. जोड सोडवून कोन 68 अंशांवर आणला तेव्हा अंतर सहा सेंटिमीटरच्या आत आलं आणि गाडी माणसाळली. पत्र्यावर खिळ्याने कोन आखून घेतल्याशिवाय आता मी ती नळी हातातही धरत नाही.

चेनचं काम मला एका तीनचाकीने शिकवलं. दिव्यांगांसाठीच्या हातसायकलीत चेन छातीसमोरच्या हातक्रँकपासून खाली चाकापर्यंत जाते. लांब चेन झुलते, झुलली की उडी मारते. माझ्या गाडीत पायडलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत 1.45 मीटर अंतर आहे. लागल्या 272 कड्या. चेनच्या एका पाकिटात 112 असतात, म्हणजे जवळपास अडीच चेन. चेन मात्र मी नवी घेतो. जुनी घ्यायचीच तर 24 कड्या ताणून मोजायच्या. त्या बारा इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंचाने जरी वाढल्या असतील, तर ती चेन दाते खाणार. सीटखाली चेनला आधार म्हणून जुन्या फ्रीव्हीलचं दातेरी कडं घेतलं, लेथवर बुश काढून त्यात बेअरिंग बसवलं. वरची बाजू ओढीची. ती जितकी सरळ तितकी बरी, कारण पायाच्या दाबाच्या जवळपास दुप्पट ताण चेनमध्ये येतो आणि तिने घेतलेलं प्रत्येक वळण त्यातला थोडा खातं. खालची बाजू मोकळी. ती विजेच्या फिटिंगच्या पाइपातून नेली, म्हणजे पँटला ग्रीस लागत नाही.

सीट नवारीची. वाकवलेल्या नळीवर खाटेसारखी नवार ओढून विणली. आमच्या हवेत फोमच्या सीटवर पाठ अर्ध्या तासात ओलीचिंब होते. नवारीतून वारा जातो आणि ती सैल झाली की पुन्हा ओढता येते. भरली गाडी 21 किलोची, जुन्या काळ्या सायकलीएवढी.

महाड ते पोलादपूर साधारण 18 किलोमीटर, बराचसा रस्ता सावित्रीच्या सोबतीने. तिथे ही गाडी खुलते. वारा समोरून असला तरी छाती त्याच्या आड येत नाही. सपाटीवर वेग वाढला की पायांची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. ती इथे वाचते. पण पोलादपूरच्या पुढे, कशेडीकडे किंवा आंबेनळीकडे वळलं की हिशेब बदलतो. चढावर हवेचं काही चालत नाही, वजनाचं चालतं. उभ्या सायकलीवर माणूस पायडलवर उभा राहून चढ काढतो, इथे ती सोय नाही. पहिल्यांदा मी 44 दात्यांची एकच चकती लावली होती. पहिल्याच मोठ्या चढाला गुडघ्यांनी नकार दिला. मग 18 गियरवाल्या सायकलीचा तीन चकत्यांचा क्रँक काढून लावला. 28 दाते पुढे आणि 28 मागे घेतले की गाडी ताशी सात किलोमीटरने, पण न थांबता चढते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारायला घेतली तेव्हा तिला गियर दिला. चढावर रिक्षावाल्याने उतरून गाडी ओढू नये, म्हणून. गियर ही चैन आहे असं आपल्याकडे अजून मानतात. दमलेल्या पायाला विचारा.

उतरताना ब्रेक. जुन्या सायकलीची क्रोम केलेली लोखंडी रिम पावसात भिजली की रबर नुसतं घसरतं. कोकणातल्या पावसात, घाटाच्या उतारावर, हे जिवावरचं आहे. म्हणून दोन्ही रिमा मी ॲल्युमिनियमच्या घेतल्या. या एका गोष्टीत भंगाराशी तडजोड केली नाही. मागे बांबूच्या काठीवर भगवी फडफडती झेंडी लावली आहे, कारण मी बसल्यावर माझं डोकं ट्रकच्या बॉनेटच्याही खाली येतं. अंधार पडल्यावर हायवेवर मी ही गाडी नेत नाही.

गेल्या महिन्यात पोलादपूरकडच्या एका निवृत्त मास्तरांनी ती झेंडी बघून मला थांबवलं. म्हणाले, "दादा, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पाय पूर्ण दुमडत नाही. हिच्यावर जमेल का?" दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपवर आले. मी त्यांना जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसवलं, पाय सरळ करायला सांगितले आणि तळव्यापाशी खडूने रेघ मारली. भिंतीपासून 101 सेंटिमीटर. दुखरा पाय दुमडायला लावून तो जिथे थांबला तिथे दुसरी रेघ मारली. त्यांना आखूड क्रँक लागेल, मुलांच्या सायकलीचा. तो कोपऱ्यातल्या ढिगात आहे. त्याचे आटे कालच रॉकेलमध्ये घासून ठेवलेत.