भोंग्यावर हुकूम कोणाचा

रेल्वेच्या संरक्षा-खात्यात ज्याने उमेदीची वर्षे घालविली त्याच्या दप्तरी नाना प्रकारचे अर्ज येत असतात. परंतु त्या सर्वांत अत्यंत सुसंस्कृत भाषेत आरंभ होणारा आणि हताश संतापात समाप्त होणारा अर्ज कोणता असे मला कोणी विचारले, तर रुळालगतच्या वसाहतीतील रहिवाशांनी भोंग्याविरुद्ध केलेला अर्ज, असेच मी निःशंकपणे सांगेन. पहिल्या परिच्छेदात रेल्वेच्या राष्ट्रसेवेचा गौरव, दुसऱ्यात घरातील वृद्ध, तान्ही मुले आणि दहावीच्या परीक्षेला बसलेली कन्या यांचा उल्लेख, तिसऱ्यात मध्यरात्रीनंतर जाणाऱ्या मालगाड्यांची वेळेसकट नोंद, आणि सरतेशेवटी ‘आपल्या चालकांना योग्य ती समज द्यावी’ ही विनंती, असा त्याचा घाट बहुधा ठरलेला असे. आमच्या कचेरीतून जाणारे उत्तरही तितकेच ठराविक होते : भोंगा संरक्षेच्या दृष्टीने अनिवार्य आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दोन्ही पक्ष खरे बोलत असत, आणि तरीही तो पत्रव्यवहार कधी कोठे पोहोचत नसे.

चालकाला समज देण्याच्या विनंतीमागे एक समजूत असते, ती अशी की भोंगा वाजविणे न वाजविणे हे त्याच्या लहरीवर सोडलेले आहे. वस्तुतः १८९० च्या रेल्वे अधिनियमाखाली केंद्र सरकारने केलेले आणि १९८९ च्या नव्या अधिनियमानंतरही चालू राहिलेले १९७६ चे ‘सामान्य नियम’ हेच चालकाचे धर्मशास्त्र होय. आणि त्यांतील ४.५० हा नियम सांगतो की, विशेष आदेश नसतील तर इंजिन हालविण्यापूर्वी, बोगद्यात शिरताना आणि जेथे जेथे विहित केले असेल तेथे तेथे चालकाने संकेतानुसार शिट्टी दिलीच पाहिजे. हे संकेतही सविस्तर आहेत. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे गार्डाकडे निघण्याचा इशारा मागणे. तीन आखूड म्हणजे गाडी आवाक्यात राहत नाही, गार्डाने ब्रेक लावावा. चार आखूड म्हणजे अपघात, बिघाड वा अडथळा यांमुळे पुढे जाता येत नाही. दीर्घ, अखंड शिट्टी फाटक किंवा बोगदा जवळ आल्याची. आणि वारंवार दिलेल्या तुटक शिट्ट्या धोक्याच्या. फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ म्हणजे ‘सीटी, फाटक’ अशी अक्षरे लिहिलेला पिवळा फलक उभा असतो, आणि तो दिसताच चालकाचा हात आपोआप भोंग्याकडे जातो. पुढे काही अनर्थ घडला तर चौकशीत त्याला पहिल्या काही प्रश्नांतच ‘शिट्टी दिली होती काय’ असे विचारले जाते. उलट, लोकांची झोपमोड केली म्हणून एखाद्या चालकावर आरोपपत्र बजावले गेल्याचे निदान माझ्या तरी माहितीत नाही. अशा स्थितीत शहाणा मनुष्य आखूड शिट्टीऐवजी लांब शिट्टी देईल यात नवल ते काय?

परंतु ही शिट्टी आहे तरी कोणासाठी? गाडीतील प्रवाशाला तिचा काडीमात्र उपयोग नाही. ती आहे रुळावर काम करणाऱ्या गँगमनसाठी, फाटकाशी खोळंबलेल्या वाहनासाठी, आणि सर्वांत अधिक प्रमाणात, जो तेथे असताच कामा नये अशा पादचाऱ्यासाठी. तिच्या जन्माची कथाही अशीच सांगतात : १८३३ साली इंग्लंडातील लीस्टर–स्वॉनिंग्टन मार्गावर एका फाटकापाशी इंजिनाने लोणी आणि अंडी वाहून नेणाऱ्या गाड्याला धडक दिली, आणि त्यानंतर वाफेवर वाजणारे शिंग इंजिनावर बसविण्यात आले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात मर्म आहे, कारण लोहमार्गावर धावणाऱ्या वजनाला वळता येत नाही आणि वेगात असता ते थांबावयास किलोमीटरभर अंतर मागते, म्हणून बाजूला होण्याचे सर्व कर्तव्य समोरच्यावर येते आणि त्या कर्तव्याची जाणीव देणे एवढेच चालकाच्या हाती उरते.

मुंबईत या गोष्टीला एक भयंकर परिमाण प्राप्त झाले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हा तिची वाट बव्हंशी शेते, खाजणे आणि खेडी यांमधून जात होती. पुढे शहरच लोहमार्गाला येऊन बिलगले. या उपनगरी मार्गांवर अनेक वर्षे दर साल दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकत आली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. १९८९ च्या अधिनियमाच्या १४७ व्या कलमाने रुळांवर अनधिकृत प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, पण त्या कलमाच्या धाकाने पादचारी पुलाचा जिना चढलेला मनुष्य मी पाहिलेला नाही. भोंग्याविरुद्ध ज्या वसाहतीतून अर्ज येई तिच्या मागच्या बाजूस रेल्वेच्या भिंतीला भगदाड आहे काय, हे मी प्रथम पाहून घेत असे. आणि ते पुष्कळदा असे. भिंत पुन्हा बांधावी, आठवडाभरात तिच्या विटा निखळाव्यात, आणि त्या भगदाडातून जाणाऱ्या लोकांसाठी चालकाने भोंगा वाजवावा, असा हा व्यवहार आहे. यात रहिवाशांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पूल दूर असला, जिना उंच असला आणि कामाला जाण्याची घाई असली म्हणजे सद्गृहस्थही त्या भगदाडातूनच जातात.

याच प्रश्नाचा एक शास्त्रीय विचार २००९–१० च्या सुमारास वडाळ्याजवळ झाला, तो मला आजही विशेष मोलाचा वाटतो. फायनल माइल या मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने तेथे काही प्रयोग केले. हर्शेल लीबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिले होते की मोठी वस्तू लहान वस्तूइतक्याच वेगाने येत असली तरी नेत्रांना ती मंद भासते. म्हणून गाडीच्या वेगाचा अदमास यावा यासाठी काही स्लीपर पिवळे रंगविण्यात आले. भोंग्यातही फेर केला गेला. एका लांब शिट्टीऐवजी मध्ये किंचित विराम ठेवून दोन आखूड शिट्ट्या द्यावयाच्या, कारण अखंड चालणारा ध्वनी शहरी कोलाहलात विरून जातो, पण दोन ध्वनींमधील निःशब्द क्षण मनाला दचकवून जागे करतो. त्या ठिकाणचे मृत्यू ठळकपणे घटल्याचे प्रसिद्ध झाले. माझ्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की भोंग्याचा परिणाम त्याच्या उच्चतेवर आणि दीर्घतेवरच अवलंबून असतो ही आमच्या खात्यातील पिढीजात श्रद्धा येथे प्रथमच जाहीरपणे पारखली गेली. कमी ध्वनीत अधिक संरक्षा साधण्याची शक्यता त्या दोन आखूड शिट्ट्यांत होती. तिचा पाठपुरावा सर्वत्र का झाला नाही, याचे उत्तर पुढील गुंत्यात आहे.

अर्जदार प्रथम स्टेशनमास्तरच्या तक्रारवहीत लिहितो, आणि तो कागद विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या कचेरीत जातो. तेथे समाधान झाले नाही म्हणजे तो शहर पोलीस ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा अंमलदार त्याला सांगतो की ही हद्द लोहमार्ग पोलिसांची. लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे असल्यामुळे रेल्वेच्या संचालन-नियमांत हात घालण्याची त्यांना मुखत्यारी नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ फार तर ध्वनी मोजून रेल्वेला पत्र लिहिते. भोंग्याचे तांत्रिक मानक लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन व मानक संस्था ठरविते, तो केव्हा वाजवावा हे सामान्य नियम ठरवितात, त्यांना जोडून पोटनियम प्रत्येक क्षेत्रीय रेल्वे करते, आणि या सर्वांच्या संरक्षेवर देखरेख ठेवणारे रेल्वे संरक्षा आयुक्त, निःपक्षपातासाठी, चक्क नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अधीन आहेत! आणि रेल्वे हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत २२ व्या क्रमांकावर असल्याने नगरपालिकेचा कोणताही ठराव इंजिनाच्या भोंग्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर कायदेपंडित रहिवासी आम्हाला ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० काढून दाखवीत, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्या नियमांत आहे. २०१० च्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रात, तसेच रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी क्षेत्रात, सार्वजनिक आणीबाणीखेरीज भोंगा वाजवू नये असे म्हटले आहे, आणि हा भोंगा मोटारीचा की आगगाडीचा असा भेद तेथे केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या निर्णयात शांत जीवन हा जगण्याच्या हक्काचाच अंश मानला होता. म्हणजे एका बाजूस ‘वाजवू नये’ असे सांगणारा नियम आणि दुसऱ्या बाजूस ‘वाजविलाच पाहिजे’ असे सांगणारा नियम, दोन्ही केंद्र सरकारचेच, आणि त्या दोहोंच्या मध्ये रात्री दोन वाजता इंजिनात बसलेला एक दमलेला मनुष्य.

शिवाय त्या मर्यादेच्या मोजणीत एक खोच आहे. मर्यादा क्षणिक ध्वनीची नसून संपूर्ण कालावधीच्या सरासरीची असते. समजा, रुळापासून काही अंतरावरच्या खिडकीशी भोंगा ७५ डेसिबल भरतो आणि ५ सेकंद वाजतो. रात्रीच्या आठ तासांत २८,८०० सेकंद असतात. त्या सर्वांवर या ध्वनीची ऊर्जा पसरली म्हणजे सरासरी केवळ ३७ च्या आसपास येते. असे चार भोंगे वाजले तरी ती ४४ च्या आतच राहते. घरातील मनुष्य चार वेळा दचकून उठलेला असतो आणि कागदावर ‘मर्यादेत’ असा शेरा पडतो. उलट, रुळाला खेटून असलेल्या घराशी तोच भोंगा ९० डेसिबल भरला, तर एकच शिट्टी संपूर्ण रात्रीची सरासरी ५२ वर नेऊन ठेवते. जे मोजले जाते ते निद्राभंगाचे माप नव्हे, एवढे या अंकांवरून कळावे. त्यात पुन्हा, स्वच्छ शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे ध्वनी वर निघून न जाता खाली वाकतो आणि दिवसा ज्या गल्लीत भोंगा ऐकूही येत नाही तेथे पहाटे तो उशाशी वाजल्यासारखा वाटतो. ‘पूर्वी इतका मोठा नव्हता’ ही तक्रार कित्येकदा थंडीच्या दिवसांत का येते, याचे हे एक कारण.

या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट निवाडा, माझ्या मते, अमेरिकेत झाला, आणि तोही पुष्कळ किंमत मोजल्यानंतर. फ्लोरिडा राज्याने १९८४ साली, दांडी व दिवे असलेल्या फाटकांवर रात्री भोंगा बंद करण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली. तेथील पूर्वकिनाऱ्याच्या रेल्वेवर अशी बंदी झालेल्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाल्याचे पुढे केंद्रीय रेल्वे प्रशासनाच्या अभ्यासात आढळले. १९९१ मध्ये आणीबाणीचा आदेश काढून भोंगा परत आणावा लागला, आणि अपघात पुन्हा उतरले. त्यानंतर काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, १९९४ साली कायदा केला आणि त्याखालील नियम २००५ च्या जूनमध्ये अंमलात आला. भोंगा १०० फुटांवर ९६ पेक्षा कमी व ११० पेक्षा अधिक डेसिबल नसावा. फाटकापूर्वी १५ ते २० सेकंद वाजवावा. आणि ज्या शहराला शांतता हवी असेल त्याने किमान अर्ध्या मैलाचा पट्टा जाहीर करून तेथील फाटकांवर, भोंग्याने जेवढी संरक्षा होते तेवढी अन्य उपायांनी सिद्ध करावी. रस्त्याच्या चारही अंगांना दांड्या बसवाव्यात, मध्ये दुभाजक घालावेत, नाहीतर फाटकच कायमचे बंद करावे. अर्ज करण्याचा अधिकार रहिवाशांना नव्हे, रेल्वेलाही नव्हे. तो त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्या शहराला वा परगण्याला. ब्रिटनने सोपा मार्ग धरला आणि बहुतेक शिट्टी-फलकांपाशी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत भोंग्याला रजा दिली. मला अमेरिकेची रीत अधिक प्रामाणिक वाटते, कारण शांतता मागणाऱ्याकडेच ती बांधकामाचा हिशेब मागते.

आपल्याकडे या व्यवस्थेची निम्मी सामग्री कायद्यात आधीच पडून आहे. १९८९ च्या अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था स्वखर्चाने रेल्वेकडून लोहमार्गावरून वा खालून जाणारे बांधकाम करवून घेऊ शकते. १८ व्या कलमान्वये केंद्र सरकार कुंपणे आणि फाटके बसविण्यास सांगू शकते. ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर नाहीशी झाली आहेत. आणि ४.५० या नियमाच्या आरंभीच ‘विशेष आदेश नसतील तर’ हे शब्द आहेत. उणीव आहे ती या कलमांना एकमेकांशी बांधणाऱ्या दुव्याची. नगरपालिकेने कोट्यवधी रुपये खर्चून पूल बांधला, भिंत अभंग राखली, फाटक बंद केले, तरी त्याच्या मोबदल्यात तेथील शिट्टी-फलक काढून घ्यावा असा दावा करण्याचे कलम तिच्याजवळ नाही. आणि तसा दावा नसल्यामुळे विशेष आदेशावर सही करण्याचे कारण रेल्वेच्या कोणत्याही अधिकाऱ्याजवळ नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील दिवा स्थानकाच्या फाटकाने वर्षानुवर्षे लोकल खोळंबल्या, तेव्हा पुलाच्या खर्चाचा ऊहापोह पुष्कळ झाला, पण त्या पुलाने भोंगाही थांबू शकेल ही गोष्ट त्या चर्चेत माझ्या कानावर कधी आली नाही.

असा दुवा उद्या निर्माण झाला आणि त्याचा मसुदा माझ्यासारख्याच्या पुढ्यात आला, तर मी त्यात एक गोष्ट मात्र येऊ देणार नाही. अमेरिकेच्या शांत पट्ट्यातही इंजिनावरचा भोंगा काढून घेतलेला नाही. रुळावर मनुष्य, जनावर किंवा वाहन दिसले तर तो वाजविण्याचा चालकाचा अधिकार तेथे अबाधित आहे. फलक काढावेत, आखूड शिट्ट्या ठरवून द्याव्यात, रात्रीचे वेळापत्रकही करावे. परंतु प्रकाशझोतात कोणी दिसले असता वाजवू की नको, हा विचार चालकाला करावयास लावणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही, मग अर्जावर साऱ्या वसाहतीच्या सह्या का असेनात.