निकितिनचा घोडा

३ जून
रात्री ‘परदेसी’ पाहिला. १९५७ सालचा. ख्वाजा अहमद अब्बास यांची ‘नया संसार’ आणि मॉस्कोचा मोसफिल्म यांनी मिळून काढलेला. दिग्दर्शकही दोन, अब्बास आणि वासिली प्रोनिन. गोष्ट अफानासी निकितिनची. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात विकायला घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. चित्रपटात ओलेग स्त्रिझेनोव निकितिन, नर्गिस त्याची प्रेयसी चंपा, पृथ्वीराज कपूर बहमनी वजीर महमूद गवान. थाट मोठा आहे. मध्येमध्ये स्वागत समारंभाला बसल्यासारखं वाटतं, ते वेगळं.

४ जून
निकितिनच्या प्रवासवर्णनाचं भाषांतर पुन्हा काढलं. यात चंपा नाहीच! जुन्नरला पावसाळ्यात मुक्काम पडला, तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली: मुसलमान हो, घोडाही देतो, वर हजार मोहरा, नाही तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून सुटला. रशियात नेण्याजोगा माल इथे नाही, आपल्याला खोटं सांगून फसवलं, असं तो चिडून लिहितो. आपले सण नि उपास कधी येतात याचा हिशेब चुकला, म्हणून झुरतो. अखेर घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ वारला.

७ जून
अशा वैतागलेल्या माणसाला चित्रपटाने भारत-रशिया मैत्रीचा दूत का केलं, याचं उत्तर तारखांत आहे. नेहरू जून १९५५ मध्ये रशियात, बुल्गानिन-ख्रुश्चेव्ह त्याच वर्षअखेरीस भारतात. त्याच साली त्वेरमध्ये (तेव्हाचं कालिनिन) निकितिनचा पुतळा उभा राहिला. दोन्ही सरकारांना जुनी ओळख हवी होती, आणि हाताशी निकितिन होता.

८ जून
गंमत म्हणजे दोस्ती आधीच जमलेली होती. १९५४ मध्ये ‘आवारा’ रशियात लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कथा अब्बास आणि आपल्या व्ही. पी. साठ्यांची. नायिका नर्गिस, न्यायाधीश पृथ्वीराज, कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकरांचं. ‘परदेसी’तही अब्बास, नर्गिस, पृथ्वीराज, आचरेकर आहेतच, शिवाय मोसफिल्मचा पैसा आणि दोन सरकारांचा आशीर्वाद. तरी रशियात ‘आवारा’तलं राज कपूरचं गाणं घरोघर गेलं, ‘परदेसी’चं नाही. ‘आवारा’ कुणाला खूश करायला काढलेला नव्हता. ‘परदेसी’ने दोन्ही सरकारांना दुखवायचं नाही असं ठरवलं आणि जुन्नरच्या खानाशी अडकलेला खरा निकितिन हातचा घालवला.